सिस्टरची टोपी

शाळेच्या स्नेहसंमेलनात दवाखान्याचा प्रसंग असला की कार्डशीटची एक पांढरी टोपी हमखास लागते. डॉक्टरच्या गळ्यात स्टेथोस्कोप आणि सिस्टरच्या डोक्यावर टोपी, एवढे केले की शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही पात्रे ओळखू येतात. पण टोप्या कापणाऱ्या याच मुलांना घेऊन आपण एखाद्या मोठ्या रुग्णालयात गेलो, तर तिथे एक तरी टोपी दिसेल याची खात्री देता येत नाही. बऱ्याच रुग्णालयांत ती केव्हाच गेली. तिच्या पाठोपाठ पांढरा फ्रॉक आणि पांढरी साडीही अनेक ठिकाणी गेली. त्यांच्या जागी रंगीत सदरा आणि विजार आली.

हे बरे झाले की वाईट, यावर आमच्याच घरात दोन पक्ष पडले. त्याचे निमित्त असे झाले. आमच्या आईचे खुब्याचे हाड मोडले आणि तिला नऊ दिवस एका मोठ्या रुग्णालयात राहावे लागले. तिथे परिचारिका, तंत्रज्ञ, सफाई करणाऱ्या मावशी या सगळ्यांचे कपडे जवळजवळ एकाच घाटाचे होते. रंगांत फरक होता, पण रात्रीच्या मंद दिव्यात आणि चष्म्याविना आईला तो कळेना. एका रात्री दुखणे असह्य झाले तेव्हा तिने समोरून जाणाऱ्या बाईंना सांगितले, "सिस्टर, फार दुखतंय हो." त्या बाई मावशी होत्या. "सांगते हं आजी," म्हणून त्या गेल्या. निरोप कुठेतरी राहिला. आपण सिस्टरना सांगितले आहे, तेव्हा औषध येईलच, अशा समजुतीने आई पहाटेपर्यंत कळ सोसत पडून राहिली. दुसऱ्यांदा हाक मारण्याचा तिला संकोच वाटला.

घरी आल्यावर ती म्हणाली, "पूर्वी टोपी असायची, तेव्हा कळायचं तरी सिस्टर कोण ते." त्यावर आमचे धाकटे बंधू म्हणाले, "टोपी म्हणजे जंतूंचं घर. काढली तेच बरं."

दोन्ही विधाने ऐकायला पटण्याजोगी आहेत, पण दोन्ही एकाच प्रश्नाची उत्तरे नाहीत. आई ओळखीबद्दल बोलत होती आणि बंधू संसर्गाबद्दल. गणवेशाविषयीचे बहुतेक वाद असेच होतात. म्हणून या लेखात आपण हे प्रश्न सुटे करू आणि प्रत्येकाबाबत पुरावा काय सांगतो ते पाहू.

गणवेश आधी, जंतू नंतर

प्रथम एक कालक्रम लक्षात घ्यावा लागेल. जर्मनीतील कैसर्सवेर्ट या गावी थिओडोर फ्लीडनर या धर्मोपदेशकाने १८३६ मध्ये रुग्णसेविकांचे एक शिक्षणकेंद्र सुरू केले. तिथल्या सेविका निळा झगा आणि पांढरी झालरीची टोपी घालत. त्या काळी तिकडच्या मध्यमवर्गीय विवाहित स्त्रिया डोके झाकत. अविवाहित सेविकांनाही तोच मान मिळावा, त्यांना परक्या माणसांत निर्धास्त वावरता यावे, हा त्या टोपीमागचा हेतू. जोगिणींच्या शिरोवस्त्राची परंपरा तर त्याहून कितीतरी जुनी. फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनी १८५१ मध्ये कैसर्सवेर्टला शिक्षण घेतले.

१८५४ मध्ये क्रिमियाच्या युद्धात जखमी झालेल्या सैनिकांची शुश्रूषा करायला नाइटिंगेल तुर्कस्तानात स्कुटारीला गेल्या. त्यांच्या बरोबरच्या परिचारिकांना करड्या रंगाचा जाडाभरडा पोशाख, साधी पांढरी टोपी आणि खांद्यावरून घ्यायचा एक पट्टा देण्यात आला होता. त्या पट्ट्यावर लाल धाग्याने 'स्कुटारी हॉस्पिटल' अशी अक्षरे भरलेली होती. छावणीच्या त्या गर्दीत ही बाई कोण आणि कशासाठी आली आहे, हे पाहणाऱ्याला एका नजरेत कळावे, यासाठी ही योजना होती.

आता यापुढची वर्षे पाहा. पाश्चर यांचे जंतूंवरचे महत्त्वाचे काम १८६० च्या आसपासचे. लिस्टर यांनी कार्बॉलिक आम्ल वापरून शस्त्रक्रियेच्या जखमा निर्जंतुक ठेवण्याची पद्धत प्रसिद्ध केली ती १८६७ मध्ये. विशिष्ट जंतूमुळे विशिष्ट रोग होतो हे कॉख यांनी दाखवले ते १८७६ नंतर. म्हणजे टोपी आणि गणवेश आले तेव्हा रोगजंतू ही कल्पनाच वैद्यकात रुजलेली नव्हती. जंतूंना अडवण्यासाठी टोपी आली आणि आता ती निरुपयोगी ठरली, असे पुष्कळदा सांगितले जाते. ते इतिहासाला धरून नाही. टोपी प्रथमपासून एक खूण होती.

आपल्याकडेही या खुणेला वजन होते. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावावा लागतो, रात्रपाळी करावी लागते, म्हणून भल्या घरच्या मुलींनी हे काम करू नये असा समज खोलवर होता. अशा काळात, विसाव्या शतकाच्या आरंभी, रमाबाई रानड्यांच्या पुण्यातील सेवासदनाने मुलींना ससून रुग्णालयात परिचर्येचे शिक्षण मिळण्याची सोय केली. रात्री रस्त्याने एकटी जाणारी स्त्री कामावर चालली आहे, हे तिचा पांढरा गणवेश न बोलता सांगत असे. त्या पिढीतल्या बायकांना गणवेश म्हणजे ओझे वाटले नसेल, तर त्याचे कारण हे आहे.

पांढरा रंग आणि खळ

जंतूंचा शोध लागल्यावर रुग्णालयातला पोशाख पांढरा होत गेला. त्याआधी शल्यचिकित्सक काळा लांब कोट घालून शस्त्रक्रिया करत आणि त्यावरचे रक्ताचे डाग अनुभवाची खूण समजली जाई! पांढऱ्या सुती कापडाचे दोन गुण उपयोगी ठरले. त्याला रंग नसल्याने ते उकळले किंवा विरंजक चूर्णात घातले तरी बिघडत नाही. आणि त्यावर डाग लपत नाही. पांढऱ्या रंगात जंतू मारण्याची शक्ती मुळीच नाही. स्वच्छतेचा नियम पाळला गेला की नाही, एवढे तो उघड करतो. पण इथेही एक मर्यादा आहे. डाग दिसतो, जंतू दिसत नाही. शुभ्र दिसणारे कापड जंतुविरहित असेलच असे नाही.

टोपी ताठ उभी राहायची ती खळीमुळे. तांदळाची पेज किंवा साबुदाण्याची खळ म्हणजे पाण्यात शिजवलेले पिष्ट. पिष्टाचे कण गरम पाण्यात फुगतात, फुटतात आणि त्यांतले लांब साखळ्यांचे रेणू मोकळे होतात. हे रेणू कापसाच्या सेल्युलोजला सहज चिकटतात, कारण दोन्ही ग्लुकोजच्याच साखळ्या आहेत. इस्त्रीने पाणी उडून गेले की धाग्याधाग्यांमध्ये पिष्टाचा कडक पापुद्रा राहतो. खळ घातलेल्या रुमालाच्या कोपऱ्यावर आयोडीनच्या द्रावणाचा थेंब टाकला तर निळा-काळा रंग येतो. हा प्रयोग आपल्या प्रयोगशाळेत सहज होईल.

मात्र ही ताठ टोपी रोज धुणे, खळवणे, घडी घालणे हे काम मोठे होते. त्यामुळे झगा रोज धुतला जाई आणि टोपी मात्र टिकेल तितके दिवस वापरली जाई. टोपीला विरोध करणाऱ्यांचा हा मुद्दा खरा आहे. त्यात भर म्हणजे ती पिनांनी टाचावी लागे, वाकल्यावर सुटे, खाटेभोवतीच्या पडद्यात नाहीतर सलाईनच्या नळीत अडके. ज्या हातांनी रुग्णाची जखम बांधायची त्याच हातांनी टोपी सावरली जाई. हा हात आपण लक्षात ठेवू. पुढे तो पुन्हा येणार आहे.

कापडावर काय सापडते?

आता बंधूंच्या विधानाकडे वळू. कपड्यांवर रोगजंतू असतात काय? निःसंशय असतात. २००० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रुग्णालयात वापरल्या जाणाऱ्या पाच प्रकारच्या कापडांच्या आणि प्लॅस्टिकच्या तुकड्यांवर स्टॅफिलोकॉकस आणि एन्टेरोकॉकस हे जीवाणू सोडण्यात आले. सर्व जीवाणू किमान एक दिवस जगले आणि काही ९० दिवसांहून अधिक. सुती कापडापेक्षा पॉलिएस्टर आणि प्लॅस्टिकवर ते सामान्यतः जास्त काळ टिकले.

२०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जेरुसलेममधील एका रुग्णालयात ७५ परिचारिका व ६० डॉक्टर अशा १३५ जणांच्या गणवेशांचे नमुने घेण्यात आले. पोटावरचा भाग, बाहीचे टोक आणि खिसा या जागा तपासल्या. ८५ जणांच्या, म्हणजे ६३ टक्के लोकांच्या गणवेशावर निदान एका जागी रोगकारक ठरू शकणारे जीवाणू मिळाले.

हे वाचून वाटेल की उपाय सोपा आहे. कपडे रोज बदलावेत. याची परीक्षाही अमेरिकेत डेन्व्हर येथे झाली आणि तिचे निष्कर्ष त्याच वर्षी प्रसिद्ध झाले. १०० डॉक्टरांची चिठ्ठ्या टाकून दोन गटांत विभागणी केली. एका गटाने आपला नेहमीचा, क्वचितच धुतला जाणारा लांब बाह्यांचा पांढरा कोट घातला. दुसऱ्या गटाला त्याच सकाळी धुतलेला अर्ध्या बाह्यांचा गणवेश दिला. आठ तासांनंतर दोन्ही गटांच्या कपड्यांवरील जीवाणूंच्या संख्येत लक्षणीय फरक आढळला नाही. नव्या धुतलेल्या गणवेशावर आठ तासांत जितके जीवाणू जमतात, त्यांतले जवळजवळ निम्मे पहिल्या तीन तासांतच जमले होते. म्हणजे धुऊन मिळालेली शुद्धता कामाला लागताच ओसरू लागते.

मग जंतुनाशक द्रव्य मुरवलेले कापड वापरावे काय? २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अतिदक्षता विभागातल्या ४० परिचारिकांनी तीन पाळ्यांत तीन प्रकारचे गणवेश घातले. एक साधा, दोन जंतुरोधक. जंतुरोधक कापडाने कपड्यांवरील जीवाणूंची संख्या कमी झाली नाही. रुग्णाकडून आणि खोलीतून जंतू कपड्यांवर येताना मात्र दिसले, विशेषतः बाह्यांवर आणि खिशांवर.

येथे तर्काची एक पायरी काळजीपूर्वक चढावी लागते. कपड्यावर जंतू सापडले म्हणजे त्या कपड्यामुळे रुग्ण आजारी पडला, असे सिद्ध होत नाही. त्यासाठी जंतू कपड्यावर जिवंत राहिला पाहिजे, तिथून पुरेशा संख्येने रुग्णापर्यंत पोचला पाहिजे आणि जखमेतून किंवा नळीतून शरीरात शिरला पाहिजे. साखळीतली पहिली कडी भक्कम आहे. पुढच्या कड्यांचा पुरावा अगदी तोकडा आहे. अमेरिकेतील रुग्णालय-साथरोग तज्ज्ञांच्या संस्थेने २०१४ मध्ये सर्व उपलब्ध अभ्यास तपासून हेच म्हटले, की शस्त्रक्रियागृहाबाहेर संसर्ग पसरवण्यात कपड्यांचा वाटा नक्की ठरलेला नाही. ब्रिटनच्या आरोग्य खात्याचा निष्कर्षही २०१० मध्ये असाच होता. कपडे ६० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात १० मिनिटे धुतले तर बहुतेक सूक्ष्मजीव निघून जातात, असे त्यांच्या मार्गदर्शिकेत नमूद आहे.

हाताचा पुरावा मात्र तोकडा नाही. व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात १८४७ च्या एप्रिलमध्ये १०० पैकी १८ बाळंतिणी दगावत होत्या. मे महिन्यात सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुवायला लावले. जूनमध्ये हे प्रमाण १०० मागे सुमारे २ वर आले. त्या डॉक्टरांचे कोट तेच होते, बदलले होते ते हात! जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये हात स्वच्छ करण्याचे पाच क्षण ठरवून दिले, तेही याच अनुभवाच्या आधारावर: रुग्णाला हात लावण्यापूर्वी, निर्जंतुक काम करण्यापूर्वी, शरीरद्रवाशी संपर्क आल्यावर, रुग्णाला हात लावून झाल्यावर आणि त्याच्या आसपासच्या वस्तू हाताळल्यावर.

ब्रिटनमध्ये २००८ पासून रुग्णसेवा करताना कोपराच्या खाली हात उघडे ठेवण्याचा नियम आला. लांब बाही नाही, मनगटी घड्याळ नाही. बाहीवर जंतू असतात म्हणून हा नियम आला असे पुष्कळांना वाटते. त्याचा खरा उपयोग असा, की हात मनगटापर्यंत नीट धुता येतात. गणवेशाची आरोग्याच्या दृष्टीने परीक्षा करायची तर पहिला प्रश्न हाच असावा: हा पोशाख हात धुण्याच्या आड येतो का? लांब बाही येते, बांगड्या येतात, सुटा पदर येतो. पुन्हा पुन्हा सावरावी लागणारी टोपीही येते.

शस्त्रक्रियागृहातली टोपी वेगळी

वर आपण शस्त्रक्रियागृह बाजूला ठेवले, त्याचे कारण सांगायला हवे. तिथली टोपी सगळे केस झाकते. माणसाच्या केसांत आणि डोक्याच्या त्वचेवर जीवाणू असतात आणि उघड्या जखमेवर ते पडणे धोक्याचे ठरू शकते. शस्त्रक्रियेनंतर जखमा चिघळण्याच्या दोन साथींचा माग केसांत स्टॅफिलोकॉकस वागवणाऱ्या कर्मचाऱ्यांपर्यंत लागल्याचे १९७३ मध्ये प्रसिद्ध झाले होते. म्हणून ती टोपी हे साधन आहे. डोक्याच्या मागच्या बाजूला टाचलेली परिचारिकेची पांढरी टोपी केस झाकतच नाही. दोघींना टोपी हा एकच शब्द असल्याने एकीचे गुण दुसरीला चिकटतात.

तेव्हा बंधूंच्या विधानाचा निकाल असा. टोपीने जंतू अडत नाहीत, हे खरे. टोपी काढल्याने संसर्ग कमी झाला, असे मात्र पुराव्याने म्हणता येत नाही. टोपी गेली ती मुख्यतः गैरसोयीमुळे, आणि पुरुष परिचारकांची संख्या वाढली तेव्हा त्यांच्या डोक्यावर तिला जागा नव्हती म्हणूनही. टोपी हे आज्ञाधारकपणाचे चिन्ह आहे, आमच्या ज्ञानाचे नव्हे, असे पाश्चात्त्य देशांतील अनेक परिचारिकांनीही १९७० नंतर ठामपणे सांगितले.

टोपी घातल्याने मन बदलते का?

टोपीच्या बाजूने आणखी एक युक्तिवाद केला जातो. गणवेश चढवला की माणूस अधिक जबाबदारीने वागतो. आमच्या परिचयाच्या एका निवृत्त मेट्रनबाई सांगतात, की टोपी टाचताना आरशात पाहिले की घरची काळजी घरी राहायची. त्यांच्या अनुभवाबद्दल आम्हांला शंका नाही. पण तो सर्वांना लागू आहे का?

२०१२ मध्ये अमेरिकेतील दोन मानसशास्त्रज्ञांनी यावर प्रयोग प्रसिद्ध केले. पांढरा कोट घातलेल्या व्यक्तींनी लक्ष एकाग्र करण्याच्या एका चाचणीत कोट न घातलेल्यांच्या सुमारे निम्म्याच चुका केल्या. हा निष्कर्ष फार गाजला. २०१९ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी तोच प्रयोग अधिक व्यक्तींवर, पद्धत आधी जाहीर करून, पुन्हा केला. तो परिणाम त्यांना मिळाला नाही. आपल्या विद्यार्थ्यांना हे उदाहरण आवर्जून सांगावे. एका प्रयोगाचा निष्कर्ष कितीही मनाजोगा असला, तरी तो दुसऱ्याच्या हातून पुन्हा मिळेपर्यंत कच्चाच समजायचा असतो.

ओळख हीसुद्धा सुरक्षितता

आता आईचे म्हणणे पाहू. जंतूंच्या चर्चेत ते नेहमी मागे पडते, कारण ते मायक्रोस्कोपखाली दिसत नाही. आजारी माणूस आडवा असतो, थकलेला असतो, कित्येकदा त्याला अंधुक दिसते. त्याच्याभोवती एका दिवसात वीस-पंचवीस अनोळखी माणसे वावरतात. औषधाबद्दल कोणाला विचारायचे, दुखते आहे हे कोणाला सांगायचे, हे त्याला कळले नाही तर माहिती चुकीच्या माणसाकडे जाते आणि तिथेच राहते. आमच्या आईची ती रात्र म्हणजे निरोपाची साखळी तुटल्याचे उदाहरण होते. औषध तयार होते, सिस्टर दहा पावलांवर होत्या. मावशींचाही दोष नव्हता, त्या आपल्या कामात होत्या.

२०२० मध्ये कोविडच्या साथीत हा प्रश्न साऱ्या जगाने अनुभवला. नखशिखान्त झाकलेल्या पोशाखात डॉक्टर कोण, सिस्टर कोण, काही कळेना. तेव्हा कित्येक ठिकाणी कर्मचाऱ्यांनी छातीवर आणि पाठीवर ठळक अक्षरांत आपली नावे लिहिली. त्याआधी लायबेरियातील इबोलाच्या साथीत एका अमेरिकी कलावतीने कर्मचाऱ्यांची हसरी छायाचित्रे छापून त्यांच्या संरक्षक पोशाखावर लावण्याचा उपक्रम केला होता. स्कुटारीच्या पट्ट्यावरची लाल अक्षरे दीडशेहून अधिक वर्षांनी पुन्हा उमटली, असेच म्हणायचे!

ही गरज भागवण्याचे आणखीही मार्ग निघाले. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये २०१० च्या सुमारास सर्व सरकारी रुग्णालयांसाठी एकच गणवेश ठरवण्यात आला. एका गावात शिकलेली खूण दुसऱ्या गावीही चालावी, हा त्यातला शहाणपणा. ब्रिटनमधील केट ग्रेंजर या तरुण डॉक्टर स्वतः कर्करोगाने आजारी असताना त्यांच्या लक्षात आले, की खाटेपाशी येणारी बहुतेक माणसे आपले नावही सांगत नाहीत. २०१३ मध्ये त्यांनी 'नमस्कार, माझे नाव अमुक' एवढे एक वाक्य बोलण्याची चळवळ सुरू केली. २०१६ मध्ये त्या वारल्या, पण चळवळ अनेक देशांत पोचली. ऑस्ट्रेलियातील रॉब हॅकेट या भूलतज्ज्ञाने २०१७ मध्ये शस्त्रक्रियागृहातल्या आपल्या टोपीवर स्वतःचे नाव आणि काम ठळक लिहिले. आणीबाणीच्या क्षणी 'अहो, तुम्ही' असे म्हणण्याऐवजी नेमक्या माणसाला नावाने हाक मारता यावी, यासाठी. डोक्यावरच्या कापडाला पुन्हा खुणेचे काम मिळाले, आणि या खुणेला स्त्री-पुरुष हा भेद नाही.

जुन्या टोपीशी ताडून पाहता या नव्या खुणा जास्त बोलतात. टोपी फक्त 'सिस्टर' एवढेच सांगे. नाव सांगत नसे, पुरुष परिचारकाला सामावून घेत नसे आणि टोपीवरच्या पट्टीवरून कळणारा हुद्दा रुग्णाला क्वचितच समजत असे. पण तिची एक बाजू मान्य केली पाहिजे. ती दुरून, अंधुक उजेडात, निरक्षर माणसालाही वाचता येत असे. खिशाला उलटे लोंबणारे बारीक अक्षरांचे ओळखपत्र हे तिची जागा घेऊ शकत नाही. टोपी काढताना तिचे हे काम कोण करणार, हे ज्या रुग्णालयांनी ठरवले नाही, तिथे आईसारख्या म्हाताऱ्या माणसांना रात्र जड जाते.

वर्गात करून पाहण्याजोगे

या विषयावर आठवीपासून पुढच्या वर्गांत एक सोपा प्रयोग करता येईल. साहित्य: दोन बाहुल्या, हळद, धुण्याच्या सोड्याचे पाणी, जुने पांढरे सुती सदरे (डाग राहतील, म्हणून जुनेच) आणि कागदाची टोपी.

दोन्ही बाहुल्यांना पांढरे कापड गुंडाळा. पहिलीच्या कापडावर चिमूटभर हळद भुरभुरवा. ही आपली संसर्ग झालेली रुग्ण. दुसरी स्वच्छ. पांढरा सदरा आणि टोपी घातलेल्या विद्यार्थ्याने पहिल्या बाहुलीला उचलणे, कूस बदलणे, पट्टी बांधणे, खिशातून पेन काढून नोंद करणे अशी दहा कामे करावीत आणि मग तीच कामे दुसऱ्या बाहुलीसाठी करावीत. नंतर सदरा आणि टोपी उतरवून त्यांवर व दुसऱ्या बाहुलीच्या कापडावर सोड्याचे पाणी शिंपडा. हळदीतले कर्क्युमिन अल्कधर्मी पाण्यात लाल होते, त्यामुळे डोळ्यांना न दिसलेली हळदही लाल ठिपक्यांनी दिसू लागते. ठिपके कुठे किती आहेत ते मोजा. (सोड्याचे पाणी डोळ्यांत जाऊ देऊ नये. शिंपडण्याचे काम शिक्षकांनी करावे.)

मग तोच प्रयोग प्रत्येक वेळी नवे कापड घेऊन आणखी तीन प्रकारे करा: बाह्या कोपरापर्यंत दुमडून, टोपीशिवाय, आणि पहिल्या बाहुलीकडून दुसरीकडे जाताना साबणाने हात धुऊन. चारही वेळच्या ठिपक्यांचा तक्ता फळ्यावर मांडा. दुसऱ्या बाहुलीवरचे ठिपके कोणत्या बदलाने सर्वांत कमी झाले, याचे उत्तर मुलांनाच शोधू द्या. 'कपड्यावर सापडणे' आणि 'रुग्णापर्यंत पोचणे' यांतला फरक शब्दांनी समजावण्यापेक्षा असा चटकन उमगेल.

त्यानंतर एक वेगळी परीक्षा घ्या. वर्गात थोडा अंधार करून दहा पावलांवर तीन विद्यार्थी उभे करा. एकाच्या गळ्यात लहान ओळखपत्र, एकाच्या छातीवर तळहाताएवढ्या अक्षरांत 'परिचारिका', एकाच्या डोक्यावर कागदी टोपी. घरातल्या आजी-आजोबांना बोलावून सिस्टर कोण ते विचारा. हा प्रश्नही मोजता येतो, हे मुलांना त्यातून कळेल.

टोपी असावी की नसावी, हे विज्ञान एकट्याने ठरवू शकत नाही. ज्यांनी ती घालायची त्या परिचारिकांचे आणि ज्यांच्यासाठी घालायची त्या रुग्णांचे मत त्यात आधी घेतले पाहिजे. विज्ञानाने एवढे सांगता येते की जंतूंच्या नावाने टोपी ठेवू नये आणि जंतूंच्या नावाने ती काढली असेही म्हणू नये. हात धुण्यासाठी खाटेजवळ पाणी, साबण, जंतुनाशक द्रव हवे. रोज धुता येईल असा, बाह्या आखूड असलेला गणवेश हवा. आणि रात्री दोन वाजता चष्मा नसलेल्या म्हातारीलाही कळेल अशी काहीतरी खूण हवी.

परवा आईला तपासणीसाठी पुन्हा त्याच रुग्णालयात न्यावे लागले. एक तरुण मुलगा जवळ आला आणि म्हणाला, "आजी, मी इथला ब्रदर. काही लागलं तर मला सांगायचं." आईने त्याचे नाव विचारले, ते दोनदा म्हणून पाहिले आणि निर्धास्तपणे डोळे मिटले. त्याच्या डोक्यावर टोपी नव्हती.